नियमांचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

प्रस्तावना

जुने खेळ सुटसुटीत होते आणि नव्यांनी नियमांचे अवडंबर माजवले, ही तक्रार कबड्डीच्या मैदानापासून बुद्धिबळाच्या पटापर्यंत सगळीकडे ऐकू येते. हुतूतूला चुन्याच्या चार रेघा पुरत. आता बोनस, सुपर टॅकल, तिसरी चढाई आणि व्हिडिओ रिव्ह्यू यांचा हिशेब ठेवावा लागतो, असे जुने खेळाडू सांगतात. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांच्या, म्हणजे रोल-प्लेइंग गेम्सच्या जगात तर हा वाद आवृत्तीगणिक नव्याने पेटतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची नवी आवृत्ती आली की एक पक्ष म्हणतो, पूर्वी चौसष्ट पानांत सारा खेळ मावत असे, आता तीनशे पाने वाचूनही शंका उरतात. दुसरा पक्ष म्हणतो, पूर्वीचीच कोष्टके डोके फिरवणारी होती, आता एकच फासा टाकायचा आणि बेरीज करायची. दोन्ही पक्षांचे पुरावे खरे असतात, आणि तरीही वाद मिटत नाही. त्याचे कारण असे की दोघेही ‘गुंतागुंत’ या एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. या प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. कोणत्याही खेळात निर्णयांचे काही ओझे असतेच, आणि ते तिघांना वाटून घ्यावे लागते: छापील पुस्तकाला, पंचाला आणि खेळाडूला. आवृत्ती बदलते तेव्हा बहुतेक वेळा हे ओझे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. ते कोणाकडून कोणाकडे गेले आणि त्या बदल्यात खेळाला काय मिळाले, हे पाहिल्याशिवाय जुने-नवे यांची तुलना करता येत नाही.

या खेळाची ओळख नसलेल्या वाचकासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. भूमिका-खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण सूत्रधार असतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात, कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतो, आणि परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध केला. पुढे १९७७ ते १९७९ या काळात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीची जाड पुस्तके निघाली, १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती, २००० मध्ये तिसरी, २००८ मध्ये चौथी, २०१४ मध्ये पाचवी आणि २०२४ मध्ये पाचवीची सुधारलेली पुस्तके आली. पुण्या-मुंबईच्या तरुणांमध्ये हा खेळ आता अपरिचित राहिलेला नाही. मात्र त्याच्या आवृत्त्यांचा वाद समजून घ्यायला अमेरिकेत जावे लागत नाही. नियम कसे लिहिले जातात, का वाढतात आणि कशासाठी बदलतात, याचा शंभर वर्षांहून मोठा इतिहास आपल्या मैदानांवर घडलेला आहे, आणि तोच मला या विषयाचा सर्वांत विश्वासार्ह आरसा वाटतो.

आधी हुतूतू घेऊ. आज ज्याला आपण कबड्डी म्हणतो त्या खेळाचे तीन ढंग प्रचलित होते: संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत एकदा बाद झालेला खेळाडू संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसत असे. अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नसे. गुण तेवढा लिहून घ्यायचा आणि खेळ पुढे चालू. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी पुन्हा आत येतो. या तिघांत गामिनीचा नियम सर्वांत सोपा. त्याला ना लेखणी लागते ना स्मरणशक्ती. संजीवनीचा हिशेब सर्वांत किचकट: कोण कोणत्या क्रमाने बाहेर गेले, कोणाची परतण्याची पाळी आहे, सारा संघ बाद होऊन लोण कधी झाला, हे सारे सतत ध्यानात ठेवावे लागते. तरी आजची अधिकृत कबड्डी उभी आहे ती संजीवनीच्याच पायावर. याचे कारण खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिले की लगेच उमगते. गामिनीत पहिल्याच चढाईत बाद झालेला मुलगा उरलेला डाव रेषेबाहेर बसून काढतो. अमरमध्ये बाद होण्याची धास्तीच राहत नाही. संजीवनीत बाद होणे लागते, पण परतीची आशाही राहते, आणि प्रत्येक चढाई दोन्ही संघांचे बळ बदलते. म्हणजे येथे वाढीव गुंतागुंतीने काहीतरी मोलाचे विकत घेतले आहे. गुंतागुंत वाईट की चांगली, हे ती किती आहे यावरून ठरत नाही. तिच्या बदल्यात काय हाती आले यावरून ठरते.

मग नियम छापावे का लागले? एका गावात, एका आळीत खेळ चालतो तोवर लिहिलेल्या नियमांची गरज भासत नाही. सर्वांनी लहानपणापासून तोच खेळ पाहिलेला असतो, वाद झाला तर वडीलधारा कोणी निकाल देतो. दुसऱ्या गावचा संघ समोर उभा राहिला की पहिला प्रश्न पडतो: कोणत्या नियमांनी खेळायचे? खो-खोचे नियम बांधण्याचा प्रयत्न १९१४ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याने केला. हुतूतूच्या नियमांना १९१८ पासून आकार येऊ लागला आणि १९२३ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय सामने झाले, ते छापील नियमांच्या आधारे. १९३० च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांच्या नियमांना एकसूत्री रूप दिले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले, १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. या प्रवासात प्रत्येक पायरीवर खेळाडूंमधली ओळख पातळ होत गेली आणि पुस्तक जाड होत गेले. आळीतून तालुका, तालुक्यातून प्रांत, प्रांतातून खंड. जितके परके लोक एकत्र खेळायला आले, तितके पूर्वी गृहीत असलेले शब्दांत उतरवावे लागले. ते नवे ओझे नव्हते. आधी ते गावाच्या स्मृतीत आणि वडीलधाऱ्यांच्या जिभेवर होते, नंतर ते कागदावर आले.

हे स्थलांतर किती सूक्ष्म असू शकते हे दोन उदाहरणांत दिसते. जुन्या खेळात चढाई किती वेळ चालावी याचे उत्तर खेळाडूच्या छातीत होते. ‘हुतूतू’ किंवा ‘कबड्डी’चा दम टिकेल तोवर चढाई; दम तुटला की संपली. दम खरोखर तुटला की मध्येच चोरून श्वास घेतला, हे पंच कानाने ठरवत. दहा हजार प्रेक्षकांच्या गोंगाटात हा कान पुरत नाही. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा चढाईला तीस सेकंदांची मुदत आली. दम धरण्याचा नियम पुस्तकात कायम आहे, पण निकालाचा मुख्य भार आता घड्याळाने उचलला आहे. दुसरे उदाहरण बॅडमिंटनचे. या खेळाला एके काळी ‘पूना’ म्हणत; पुण्याच्या लष्करी छावणीत तो लोकप्रिय होता आणि १८७३ मध्ये त्याचे पहिले नियम येथेच बांधले गेल्याची नोंद सापडते. सर्व्हिस करताना शटल कमरेच्या खाली असावे, असा नियम फार काळ होता. कंबर म्हणजे नेमकी कोठे, यावर तंटे होत आणि प्रत्येक पंच आपल्या नजरेने निकाल देई. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत ही मर्यादा कोर्टाच्या पृष्ठभागापासून १.१५ मीटर अशी ठरली आणि ती पाहण्यासाठी मापनाचे साधन उभे केले गेले. नियम वाचायला अधिक रुक्ष झाला, साधनसामग्री वाढली. पण पंचाच्या मनातला अंदाज कमी झाला आणि उंच खेळाडू व बुटका खेळाडू यांच्यासाठी मोजमाप एक झाले. ते सर्वांना न्याय्य वाटले असे नाही, उंच खेळाडूंनी कुरकुर केलीच. मात्र आता ज्यावर वाद घालायचा ती गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

नवे म्हणजे नेहमी अधिक गुंतागुंतीचे, हे गृहीतक बुद्धिबळाच्या पटावर तर सरळ उलटते. आपल्याकडच्या देशी बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या चालीलाही सहसा एकच घर पुढे सरकता येई. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला, त्याला शह बसलेला नसेल तर, डावात एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा असे. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ते ज्या मोहऱ्याचे घर असेल तेच मोहरे होई. हत्तीच्या पट्टीत पोचले तर हत्ती, उंटाच्या पट्टीत पोचले तर उंट. काही ठिकाणी त्यातही अट, की ते मोहरे आधी मेलेले असले पाहिजे. राजा एकटा उरला तर डाव कसा मोजायचा, प्याद्याने केलेल्या मातेचा मान किती, याचे संकेत ठिकठिकाणी निराळे होते. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादे राजा सोडून हवे ते मोहरे होऊ शकते. एका ओळीत नियम संपतो. नव्या पद्धतीत किल्लेकोट आणि प्याद्याची दुहेरी चाल आली हे खरे, पण प्रांतोप्रांतीच्या अटी आणि अपवाद गेले. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये सांगलीत स्थापन केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थांच्या स्पर्धांना गावोगावचे खेळाडू येऊ लागले, तेव्हा एकच नियमावली असणे ही सोयीची नव्हे, अस्तित्वाची अट होती. शिवाय खेळाची खोली नियमांच्या संख्येत नसते हेही येथे स्पष्ट होते. पंजाबचा मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला, पाश्चात्त्य नियम नंतर शिकला, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकून आला. पटावरची समज एका नियमावलीतून दुसरीत त्याने सहज नेली.

ही दृष्टी घेऊन आता डंजन्स अँड ड्रॅगन्सकडे येऊ. १९७४ च्या तीन पुस्तिका लहान होत्या, पण त्या स्वयंपूर्ण नव्हत्या. लढाईसाठी ‘चेनमेल’ हा आधीचा युद्धखेळ हाताशी आहे, असे त्या धरून चालत. त्यातील कित्येक जागा अशा होत्या की सूत्रधाराने स्वतःच ठरवायचे. पुढच्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत तर हे वाटप उघडच होते. हल्ला लागला की नाही हे सांगणारी कोष्टके १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात नव्हतीच. ती १९७९ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात होती. खेळाडूने फासा टाकायचा, आकडा सांगायचा आणि सूत्रधाराच्या तोंडाकडे पाहायचे. त्यातही प्रत्येक कामाला वेगळा फासा आणि वेगळी रीत. हल्ल्यासाठी वीस पैलूंचा फासा आणि मोठा आकडा चांगला. चोराच्या कसबासाठी शंभरातले टक्के आणि लहान आकडा चांगला. अडलेले दार उघडायला सहा पैलूंचा फासा, त्यातही लहान आकडा चांगला. संकटातून बचावण्याच्या फाशाचे पाच वेगवेगळे प्रकार. म्हणजे ‘जुनी आवृत्ती सोपी’ म्हणणारा माणूस खेळाडूच्या खुर्चीत बसून बोलत असतो. त्याच्यासाठी ती खरोखर सोपी होती, कारण सारी किचकट कामे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, पडद्याआड बसलेला एक माणूस निमूटपणे करत होता.

बदल नेमका कोठे झाला हे एका हल्ल्याचा हिशेब मांडून पाहता येते. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला ‘थॅको’ नावाचा एक आकडा असे: शत्रूचे चिलखत शून्य दर्जाचे असेल तर त्याला मारायला फाशावर किती हवेत. चिलखताचा दर्जा जितका लहान तितके ते भक्कम, आणि फार भक्कम चिलखत शून्याच्याही खाली जाई. समजा थॅको १५ आहे आणि शत्रूचे चिलखत ४ दर्जाचे. तर १५ वजा ४, म्हणजे ११ किंवा अधिक पडायला हवे. चिलखत उणे २ असेल तर १५ वजा उणे २, म्हणजे १७. ही उणे संख्येची वजाबाकी लढाईच्या ऐन रंगात कोणाला तरी करावी लागे. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने चिलखताची उतरंड उलटी केली. आता भक्कम चिलखताचा आकडा मोठा. त्याच पात्राला फाशावर ५ ची भर मिळते आणि त्याच शत्रूचे चिलखत १६ चे असते. फासा टाका, ५ मिळवा, १६ झाले की हल्ला लागला. फाशावर ११ हवेत हे दोन्हीकडे सारखेच, यशाची शक्यता दोन्हीकडे निम्मी. गणिताचे फलित तसूभरही हलले नाही. हलले ते एवढेच, की वजाबाकीच्या जागी बेरीज आली, सर्व कामांना वीस पैलूंचा तोच फासा आला, बचावाचे पाच प्रकार तीनवर आले, आणि हिशेब पडद्यामागून खेळाडूच्या स्वतःच्या कागदावर आला. २०१४ च्या आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकले. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, प्रतिकूल असेल तर लहान. बारीकसारीक अधिक-उण्यांच्या कित्येक याद्या या एका युक्तीने बाद केल्या.

येथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. फाशाचा नियम सोपा झाला असेल, पण मग पुस्तके जाड का? १९८१ ची प्राथमिक पुस्तिका चौसष्ट पानांची होती. २०१४ चे खेळाडूंचे एकटे पुस्तक तीनशे पानांच्या वर जाते. तिसऱ्या आवृत्तीत पात्राला निवडायची विशेष कौशल्ये इतकी होती की चांगले पात्र घडवणे हाच एक स्वतंत्र अभ्यास झाला, आणि झोंबाझोंबीच्या नियमांनी तर कित्येक टेबलांवरचा खेळ खोळंबून ठेवला. हे मान्यच करायला हवे. नवी आवृत्ती सर्वच बाबतींत हलकी आहे असा दावा मी करत नाही. माझे म्हणणे असे की येथेही ओझे कोठे पडले ते पाहावे. ते लढाईच्या क्षणावरून उठून पात्र घडवण्याच्या वेळेवर, म्हणजे खेळाच्या आधीच्या तासांवर जाऊन बसले. ज्याला घरी बसून पुस्तक चाळण्यात रस आहे त्याला हे ओझे वाटतच नाही. ज्याला शनिवारी संध्याकाळी येऊन सरळ खेळायचे आहे त्याला ते डोंगराएवढे वाटते. म्हणून ‘नवी आवृत्ती अवघड’ हे वाक्य अपुरे आहे. कोणासाठी आणि कोणत्या वेळी, हे त्यात जोडले की ते खरे होते. तुलना करणाऱ्याने तीन मापे वेगळी ठेवावीत: वाचायला किती, खेळताना आठवायला किती, आणि विचार करायला किती. पहिली दोन कमी असलेली बरी. तिसरे जितके अधिक तितका खेळ टिकतो.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. जुन्या रीतीचे पुरस्कर्ते म्हणतात की नियमांतली मोकळी जागा हा दोष नव्हताच. ती कल्पनेची जागा होती. पुस्तकात उत्तर नसले की खेळाडू पात्राच्या कागदावर नजर न टाकता प्रसंगाकडे पाहतो: भिंत कशाची आहे, दोरी किती लांब आहे, पहारेकऱ्याला काय सांगून फसवता येईल. सूत्रधार तेथल्या तेथे निवाडा देतो आणि खेळ पुढे जातो. याच ओढीतून २००० नंतरच्या दशकात जुन्या आवृत्त्यांच्या नव्याने लिहिलेल्या नियमावल्या निघाल्या आणि त्यांचा मोठा वाचकवर्ग तयार झाला. या आक्षेपातले सत्य मी पूर्णपणे मानतो. चांगल्या सूत्रधाराच्या हाती कोरी जागा हे वरदान आहे. पण ‘चांगल्या’ हा शब्द येथे सगळे काम करतो. अलिखित नियम हे त्याच लोकांना अनुकूल असतात जे आधीपासून वर्तुळाच्या आत आहेत. सूत्रधाराचा जिवलग मित्र कोणता युक्तिवाद चालतो हे जाणून असतो. पहिल्यांदाच टेबलाशी आलेली मुलगी ते जाणत नाही. बाहेरगावचा संघ यजमान गावच्या वडीलधाऱ्याच्या निकालापुढे जसा गप्प बसे, तशीच ती गप्प बसते. छापील नियम तिच्या हाती दिला की तिला पान उघडून ‘हे बघा’ म्हणण्याचा हक्क मिळतो. वाढत्या नियमावलीचे सर्वांत मोठे देणे मला हेच वाटते. ती परक्या माणसाला बरोबरीने बसवते.

तिसरा आक्षेप व्यापाराचा. नव्या आवृत्त्या विकण्यासाठी काढल्या जातात आणि मैदानावरचे नवे नियम दूरचित्रवाणीसाठी असतात, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवा नाहीतर बाद व्हा, हा नियम सामना रेंगाळू नये म्हणूनच आला. पुण्यात बालेवाडीला २०२२ मध्ये झालेल्या अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या हंगामात ‘वजीर’ आला, ज्याला कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असते. खो-खोच्या पाठलागाला असलेली दिशेची शिस्त त्याने एका खेळाडूपुरती सैल केली. पण हेतू व्यापारी आहे म्हणून नियम वाईट ठरत नाही. संजीवनीला लावलेलीच कसोटी येथे लावावी. सुपर टॅकल पाहा. तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना पकड केली तर एक गुण जास्त. मोडत आलेल्या संघाला झुंजण्याचे कारण मिळते आणि पुढे असलेल्या चढाईपटूला सावध राहावे लागते. एक ओळीचा नियम दोन्ही बाजूंना नवा विचार करायला लावतो. बोनसही तसाच: समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतील तरच तो मिळतो, म्हणून भरलेल्या मैदानात खोल शिरण्याचे धाडस किफायतशीर होते. याउलट ज्या नियमाने नुसते एक नाव आणि एक आकडा वाढतो, निर्णय मात्र बदलत नाही, तो कोणत्याही आवृत्तीत असला तरी भार आहे. भूमिका-खेळांच्या पुरवणी-पुस्तकांत असे नियम भरपूर सापडतात, आणि जुन्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीतही ते कमी नव्हते.

मग नियम जितके कमी तितका खेळ उत्तम, असे का म्हणू नये? याचे उत्तर ज्ञानोबांच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या मोक्षपटात आहे. तो पट म्हणजे एका अर्थाने आपला फार जुना भूमिका-खेळच. खेळणारा जीवाची भूमिका घेतो, घराघरांवर सद्गुण आणि दुर्गुणांची नावे असतात, शिडी पुण्याची आणि साप पापाचा, आणि शेवटचे घर मोक्षाचे. याच घराण्यातला खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात नव्या रूपाने छापला गेला आणि हळूहळू घरांवरची नावे जाऊन नुसते आकडे उरले. साप-शिडीचा नियम तोच राहिला. दान पडेल तितके चालायचे, शिडीने चढायचे, सापाने उतरायचे. गुंतागुंतीच्या मापाने दोन्ही आवृत्त्या सारख्याच सोप्या. पण पहिलीत सापाच्या तोंडी पडणाऱ्याला आपण कशामुळे घसरलो हे वाचायला मिळे, त्यावर बोलणे होई. दुसरीत तो फक्त अठ्ठ्याण्णववरून अठ्ठावीसवर येतो. नियम न बदलताही खेळ गरीब होऊ शकतो. म्हणून नियमांची मोजदाद हे तुलनेचे एक साधन आहे, तुलनेचा शेवट नव्हे. नियम कोणत्या अर्थाला आधार देतात, हे त्याबरोबर पाहावेच लागते.

पुढील विवेचन वाचताना वाचकाने ही चौकट हाताशी ठेवावी, अशी विनंती आहे. प्रत्येक नियमाशी थांबून तीन प्रश्न विचारावेत. आधीच्या आवृत्तीत हा निर्णय कोण घेत होते? आता कोण घेते? आणि त्या बदलातून खेळणाऱ्याच्या हाती नवा विचार आला की नुसते नवे काम? या प्रश्नांची उत्तरे आवृत्तीगणिक आणि नियमागणिक वेगळी येतील. एखाद्या आवृत्तीचा सरसकट जयजयकार किंवा धिक्कार त्यातून निघणार नाही, आणि तो निघू नये. जुन्या आवृत्तीवर प्रेम करणाऱ्याने आपल्या टेबलावरचे अलिखित संकेत एकदा कागदावर उतरवून पाहावेत. ते किती आहेत हे पाहून तो चकित होईल. नव्या आवृत्तीच्या पाठीराख्याने एखादी संध्याकाळ पुस्तक मिटून खेळून पाहावे, आणि कोणता नियम आठवलाच नाही, कोणत्या नियमाची उणीवही भासली नाही, याची नोंद ठेवावी. दोन्ही प्रयोगांतून हाती येणारी यादी कोणत्याही वादविवादापेक्षा उपयोगाची ठरेल.

एक काम मात्र भूमिका-खेळांच्या पलीकडचे आणि अधिक निकडीचे आहे. हुतूतूचे आणि आट्यापाट्यांचे गावोगावचे प्रकार, देशी बुद्धिबळातले प्याद्याचे आणि मातेचे संकेत, सोंगट्यांच्या पटावरचे घरोघरचे नियम, या सगळ्या आपल्या खेळांच्या पहिल्या आवृत्त्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक कधी छापल्याच गेल्या नाहीत. अमेरिकेतल्या १९७४ च्या तीन पुस्तिकांवर आज ग्रंथ लिहिले जातात, कारण त्या पुस्तिका शिल्लक आहेत. आपल्याकडचे नियम ज्यांच्या स्मरणात आहेत ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे बसून, प्रत्येक अट आणि प्रत्येक अपवाद, कोणत्या गावचा आणि कोणत्या काळचा, हे मराठीत लिहून घेतले तरच पुढच्या पिढीला जुने सोपे होते की अवघड, यावर पुराव्यानिशी बोलता येईल. या प्रस्तावनेने एखाद्या वाचकाला ते लिहून घ्यायला प्रवृत्त केले, तर तिचे काम झाले असे मी समजेन.

विश्रांतवाडी, पुणे